नाकाबंदीत पोलिसांनी मोबाईल उघडायला लावला तर? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, वय वीस. रात्री अकराच्या सुमारास मित्राला मागे बसवून रूमवर चालला होता, नाकाबंदीत अडवलं, लायसन्स मागितलं, त्याने फोनवर डिजिलॉकर उघडून दाखवलं आणि तोच फोन हवालदारांनी हातात घेतला. व्हॉट्सॲप उघडलं, सर्चमध्ये दोन-चार शब्द टाकून पाहिले, गॅलरी चाळली आणि "जा, नीट राहा" म्हणून सोडून दिलं. वडील विचारताहेत की हे कायद्यात बसतं का, नवीन कायद्यांनी पोलिसांना फोन बघायचा अधिकार दिलाय असं सगळे म्हणतात ते खरंय का, पुढच्या वेळी पोराने नाही म्हणायचं की गुपचूप द्यायचा, आणि शेवटी, या सगळ्याचा समाजावर काय परिणाम होतो.

मी जिल्हा कोर्टात फौजदारीची कामं करतो, बरीच वर्षं झाली. पूर्वी मुद्देमालात कोयता, काठी, रक्ताचे कपडे असायचे, आता चोरीची केस असो नाहीतर नवरा-बायकोचं भांडण, एक तरी मोबाईल असतोच. त्यामुळे आरोपीकडून पण आणि फिर्यादीकडून पण हा विषय रोजचाच झालाय.

सरळ उत्तर आधी देतो. गुन्हा दाखल नाही, ठोस संशय नाही, कुठे काही लिहिलेलं नाही, अशा वेळी रस्त्यात सहज म्हणून कुणाचाही फोन चाळायचा अधिकार जुन्या कायद्यात नव्हता आणि नव्यातही नाही. पण एवढं एक वाक्य पाठ करून पोरगा रात्री अकराला रस्त्यावर हुज्जत घालायला लागला तर त्याचं नुकसानच जास्त होईल, म्हणून पुढचंही वाचा.

नाकाबंदीत गाडी अडवून लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी मागायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मधून येतो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन मधली कागदपत्रं चालतात. दाखवणं म्हणजे स्क्रीन समोर धरणं, फोन हातात देणं नव्हे, आणि इथेच सगळी गडबड होते कारण पूर्वी आपण लायसन्सचं कार्ड द्यायचो, आता कार्ड फोनात गेलं आणि कार्डाबरोबर आख्खा फोनच समोरच्याच्या हातात जायला लागला. यावर साधा उपाय आहे, अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करता येते आणि आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस नावाची सोय असते, ती चालू केली की डिजिलॉकर सोडून दुसरं काही उघडत नाही, बाहेर पडायला पिन लागतो. पोराला आजच सेटिंगमध्ये जाऊन करून ठेवायला सांगा. किंवा प्लास्टिकचं लायसन्स खिशात ठेवा, जुनं ते सोनं.

आता नवीन कायदे. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. "फोन घ्यायचा अधिकार मिळाला" असं लोक म्हणतात ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ वरून. जुन्या ९१ मध्ये कागदपत्र किंवा वस्तू हजर करा एवढंच होतं, आता त्यात डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्क साधनं, म्हणजे आपला मोबाईल, स्पष्ट लिहिला गेलाय. पण त्याच कलमात हेही आहे की हा आदेश कोर्टाने तरी द्यायचा नाहीतर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी द्यायचा. रस्त्यावर उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलने तोंडी नाही. आणि हजर करा म्हणजे उघडून पासवर्ड सांगा असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. आम्हा वकिलांसाठी यात एक गंमत आहे, १८९८ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्येही हेच कलम ९४ नंबरचं होतं, १९७३ ला ते ९१ झालं आणि आता फिरून ९४. त्या मूळ ९४ बद्दल सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की हे कलम आरोपीला लागू होत नाही, म्हणजे आरोपीलाच त्याच्या विरुद्धचे कागद आणून दे असा हुकूम यातून देता येत नाही. हा निकाल आजही आम्ही वापरतो.

दुसरं कलम १८५, झडतीचं. वॉरंट काढायला वेळ नसेल तर तपास करणारा अधिकारी झडती घेऊ शकतो, पण आधी केस डायरीत कारणं लिहायची, काय शोधतोय ते शक्य तितकं नमूद करायचं आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. शब्द आहेत "जागे"ची झडती. फोन ही जागा आहे का वस्तू यावर तासभर युक्तिवाद होऊ शकतो, पण निदान एवढं तरी कळतं की जिथे घराची झडती घ्यायला इतकी लिखापढी लागते तिथे घरापेक्षा दहापट खाजगी गोष्टी असलेला फोन नुसतं "दाखव रे" म्हणून उघडायला लावणं हे कायद्याच्या आत्म्यात बसत नाही. शिवाय कलम १०५ हे खरोखर नवीन आणि चांगलं आहे, झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं आणि विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं, त्यासाठी पोलिसांना ई-साक्ष्य नावाचं ॲप पण दिलंय. मी तर म्हणतो नव्या कायद्यातलं आरोपीच्या कामाचं सगळ्यात मोठं कलम हेच.

पोलीस मात्र तुम्हाला १०५ नाही सांगणार, ते १७२ सांगतील. ते पण नवीन आहे: पोलिसांचे कायदेशीर आदेश सगळ्यांनी पाळायचे, नाही पाळले तर ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडायचं. हे कलम प्रतिबंधक कारवाईच्या प्रकरणात आहे, जमाव, बंदोबस्त वगैरेसाठी, आणि त्यात "कायदेशीर आदेश" म्हटलंय, कुठलाही आदेश नाही. पण रस्त्यावर याचा अर्थ लावणारा माणूस समोरचा गणवेशातला असतो, तुम्ही नाही, हे लक्षात ठेवा.

अमली पदार्थांचा संशय असेल तर गोष्ट जरा वेगळी होते, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सार्वजनिक जागी विना वॉरंट झडती आणि जप्तीचे अधिकार मोठे आहेत. पण तिथेही "असं मानायला कारण" लागतं, आणि अधिकारीही ठराविक दर्जाचा लागतो. हैदराबादला ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून फोनवर गांजा असा शब्द सर्च करत होते, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. ज्याच्यावर संशय आहे त्याचा फोन बघणं वेगळं आणि कोणीतरी सापडेल म्हणून येईल त्याचा फोन बघणं वेगळं. तुमच्या मुलाच्या बाबतीत झालं ते दुसऱ्या प्रकारचं.

आता जे पुस्तकात सापडत नाही ते सांगतो. माझ्या बघण्यात फोन उघडतात ते कलमाने नाही, स्वखुशीने. कुठल्याही जप्ती पंचनाम्याची कॉपी काढा, त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: "सदर इसमास मोबाईलचा लॉक उघडणेबाबत विचारणा केली असता त्याने स्वखुशीने लॉक उघडून दिला." पंच दोन, बऱ्याचदा ठाण्याशेजारच्या टपरीवरचे नाहीतर नेहमीचेच, वेळ सायंकाळी इतके ते इतके, "वरीलप्रमाणे पंचनामा आमचे समक्ष केला, वाचून पाहिला, बरोबर आहे", सह्या. खोलीत चार पोलीस, बाहेर बापाला बसवून ठेवलेलं, पोराच्या समोर फोन ठेवून "तुझं काही नसेल तर घाबरतोस कशाला" हा डायलॉग, आणि मग पोरगा पॅटर्न काढून देतो. ती स्वखुशी. कोर्टात दोन वर्षांनी उलटतपासात मी तपासी अंमलदाराला विचारतो की लेखी संमती घेतली होती का, नकार द्यायचा हक्क आहे असं सांगितलं होतं का, उत्तर "नाही, पण त्याने स्वतःहून दिला". यावर बोलायला जागा असते, पण तोपर्यंत चॅटचे प्रिंटआउट चार्जशीटला लागून गेलेले असतात.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, नकार देण्यापेक्षा कागद मागा. "साहेब, मी सहकार्य करतो, तुम्ही लेखी नोटीस द्या, मी फोन घेऊन येतो." यात उद्धटपणा नाही, अडथळा नाही, आणि कुणी रेकॉर्ड केलं तरी तुमच्या विरुद्ध जाईल असं काही नाही. ज्याच्याकडे खरंच गुन्हा दाखल आहे तो अधिकारी नोटीस देतो, कारण त्यालाही नोटीस लागतेच. ज्याच्याकडे काही नाही तो बहुतेक वेळा "चल जा" म्हणतो.

पिन आणि अंगठा यातला फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ मध्ये काठी कालू ओघडच्या प्रकरणात, ते तेव्हाच्या मुंबई राज्याचंच होतं, सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणं म्हणजे साक्ष देणं नाही, कारण त्यात माणूस आपल्या माहितीतलं काही सांगत नाही. २०१० मध्ये सेल्वीच्या निकालात नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय नाही असं ठरलं, कारण तिथे डोक्यातली माहिती बाहेर काढली जाते. आता फोनचा पिन डोक्यात असतो आणि अंगठा हाताला असतो, त्यामुळे भांडण झालं. कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे, पण त्यासाठी कोर्टाचा आदेश पाहिजे, तपास अधिकाऱ्याचं नुसतं फर्मान पुरत नाही. दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने २०२२ ला उलट सांगितलं, पासवर्डची सक्ती नाही, बायोमेट्रिकची करता येईल. आणि दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं की खटला चालू असताना आरोपीला पासवर्ड सांगायला भाग पाडता येणार नाही. सुप्रीम कोर्टाने यावर थेट शिक्कामोर्तब केलेलं नाही. तोवर व्यवहारातला अर्थ एवढाच की अंगठ्याला संरक्षण कमी, पिनला जास्त. फोन रिस्टार्ट केला की पहिल्यांदा पिनच लागतो, अंगठा किंवा चेहरा चालत नाही, हे ठाऊक असू द्या. चार आकडी जन्मसाल ठेवू नका एवढंच.

आयटी ॲक्टच्या कलम ६९ चा धाक पण घालतात कधी कधी, "डिक्रिप्ट करून नाही दिलंस तर सात वर्षं". सात वर्षं खरी आहेत. पण तो आदेश काढायचा अधिकार केंद्रात किंवा राज्यात गृह सचिवांना आहे, तातडीच्या वेळी आयजी दर्जाच्या खालचा अधिकारी तो देऊ शकत नाही आणि त्यालाही नंतर मंजुरी लागते. नाक्यावर नाही. इन्कम टॅक्सवाल्यांचं मात्र वेगळं, नव्या इन्कम टॅक्स ॲक्टच्या कलम २४७ मध्ये, ज्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, धाडीच्या वेळी पासवर्ड ओलांडून कॉम्प्युटर, ईमेल, सोशल मीडिया अकाउंटमध्ये शिरायची तरतूद स्पष्ट लिहिलीये. व्यापारी मंडळींनी आपल्या सीएला जरूर विचारावं, इथे फार खोलात जात नाही.

फोन जप्तच झाला तर काय? इथे लोक सगळ्यात जास्त भरडले जातात आणि यावर फार कोणी बोलत नाही. आज फोन गेला म्हणजे यूपीआय गेलं, बँकेचे ओटीपी गेले, ऑफिसचं लॉगिन गेलं, डिलिव्हरी करणाऱ्या पोराची तर रोजीरोटी गेली. शिक्षा नंतर लागेल किंवा लागणारही नाही, फोन मात्र पहिल्या दिवशी जातो आणि एफएसएलच्या, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या, रिपोर्टची वाट बघत मुद्देमाल खोलीत पडून राहतो, बॅटरी फुगते, वर्षा-दीड वर्षाने मिळतो तेव्हा चालूच होत नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाईच्या प्रकरणात सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर महिनाभर ठेवा, फोटो काढा, बाँड घ्या आणि देऊन टाका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ मध्येही कोर्टापुढे मुद्देमाल आल्यावर १४ दिवसांत यादी, फोटो, व्हिडिओ आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असं वेळापत्रक आलंय. तेव्हा वाट बघत बसू नका, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, फोन परत मिळण्यासाठी अर्ज टाका. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर, बिल, आणि डेटाची प्रत काढून घ्यायला आमची हरकत नाही असं एक वाक्य घाला, ते वाक्य असलं की सरकारी वकिलांचा विरोध निम्मा होतो.

जप्तीच्या वेळी तीन गोष्टी बघा. पंचनाम्यात फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय, सिमचा नंबर, चालू की बंद, फ्लाइट मोडवर टाकला का, हे लिहिलंय का. पाकीट तुमच्यासमोर सील झालं का आणि लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का. आणि डेटाची प्रत काढली असेल तर हॅश व्हॅल्यू लिहिली का. हॅश म्हणजे त्या सगळ्या डेटावरून कॉम्प्युटरने काढलेला एक लांबलचक आकडा, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो पूर्ण बदलतो, त्यामुळे मध्ये कोणी हात लावला का ते कळतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅशचा रकानाच आहे, त्याचे दोन भाग, एक देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आधी हेच जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं ६५ब होतं, आणि ते प्रमाणपत्र सक्तीचं की नाही याचा सोक्षमोक्ष २०२० मध्ये लागला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरून वाद होता, आणि त्यातून देशभरातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप चॅटचा नियम ठरला.

हे सील-हॅश वगैरे वाचून कंटाळा येत असेल, पण एक केस सांगतो. पाकीट सीलबंद, पंचनाम्यात जप्तीची वेळ सायंकाळची, आणि एफएसएलच्या रिपोर्टात दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फोनवर यूट्यूब उघडल्याची नोंद. कोणी काही पेरलं असं मी म्हटलं नाही, कदाचित कोणी नाईट ड्युटीला गाणी ऐकली असतील, पण सील केलेल्या पाकिटातला फोन यूट्यूब कसा उघडतो एवढाच प्रश्न मी विचारला आणि उत्तर आलं नाही. मोठ्या प्रकरणांत हा प्रश्न किती गंभीर होतो ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं, अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने २०२१ मध्ये म्हटलं की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरने बाहेरून फाइल्स घातल्या गेल्या होत्या, तपास यंत्रणेने ते मान्य केलं नाही. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, पण असा वाद उद्भवल्यावर आधार असतो तो जप्तीच्या वेळच्या कागदाचाच.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. समजा झडती बेकायदेशीर होती, तर पुरावा बाद होतो का? अमेरिकन सिरीज बघून लोकांना वाटतं होतो. आपल्याकडे १९७३ च्या पूरणमल निकालापासून नियम असा आहे की पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो संबंधित आहे का हे बघायचं. म्हणजे नाक्यावर बेकायदा उघडलेल्या फोनातही काही सापडलं तर ते तुमच्या विरुद्ध वापरायचा प्रयत्न होणारच. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हटल्यावर थोडी हवा बदलली, आपल्या बॉम्बे हायकोर्टाने २०१९ मध्ये फोन टॅपिंगचे बेकायदा आदेश रद्द करून ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. पण खालच्या कोर्टात रोजच्या केसमध्ये अजून पूरणमलच चालतो. त्यामुळे "नंतर कोर्टात बघू" हा विचार फोनच्या बाबतीत फार महाग पडतो.

बाकी राज्याचंही काही ठरलेलं नाही. पत्रकारांच्या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला फोन-लॅपटॉप जप्तीचे नियम करा म्हणून सांगितलं, डिसेंबरमध्ये केंद्राने सांगितलं की तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या मॅन्युअलप्रमाणे चालतील. तो दिलासा केंद्राच्या यंत्रणांपुरता. आपल्या तालुक्याचं ठाणं राज्याचं. २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे, तेव्हा नाकाबंदीत त्याचा काही उपयोग होईल या भ्रमात राहू नका.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल वकील आहे, पोलिसांच्या विरुद्धच बोलणार. माझ्याकडे मुली येतात, फोटो मॉर्फ करून कोणीतरी गावभर पाठवलेले असतात, आणि तिथे मीच ठाण्यात जाऊन सांगतो की साहेब आजच्या आज त्याचा फोन घ्या, उद्यापर्यंत सगळं डिलीट होईल. म्हाताऱ्या माणसाला व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट"ची भीती घालून पेन्शनचे पैसे लुटलेले असतात, तिथे फोनशिवाय तपास होऊच शकत नाही. म्हणून पोलिसांना फोन बघता येऊच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. हवालदार लोकांवर वरून दबाव असतो, बारा-बारा तास ड्युटी असते, ते मला रोज दिसतं. पण ज्या पोराचा फोन घ्यायला पाहिजे त्याचा घेताना कागद करायला जेमतेम अर्धा तास लागतो, आणि तो कागद केला तर उद्या त्या मुलीचीच केस टिकते. कागद नसलेली जप्ती उलटतपासात आम्हीच फोडतो, आणि मग आरोपी सुटला म्हणून कायद्याला शिव्या.

समाजावर काय परिणाम होतो असं तुम्ही शेवटी विचारलंय, तर तो आकड्यात नाही सांगता येणार, पण दिसतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून शिक्षक बाहेर पडतात, कारण कोणीतरी काहीतरी टाकेल आणि ॲडमिनला बोलावतील. खरं तर नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की मेंबरने टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, पण हा निकाल किती ॲडमिनना माहितीये? २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्ट आणि लाइकवरून अटक झाली होती, बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल साधा प्रश्न होता तो. ती अटक ज्याखाली झाली ते आयटी ॲक्टचं ६६अ कलम २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. कायदा दिल्लीत रद्द झाला की ठाण्यातल्या कॉम्प्युटरवरून आणि माणसांच्या सवयीतून जायला इतकी वर्षं लागतात. पोरं तर आता डिसअपिअरिंग मेसेज लावून बसलेली असतात, काही लपवायचं असतं म्हणून नाही, तर कोण बघेल सांगता येत नाही म्हणून. आईला पाठवलेला मेसेजसुद्धा विचार करून लिहायचा ही सवय वीस वर्षांच्या पोराला लागणं मला काही बरं वाटत नाही.

उलट दिशेनेही एक चांगला निकाल आलाय तो सांगून टाकतो. ८ जुलै २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक, आपल्या ठाण्याचेच, यांच्या खंडपीठाने सांगितलं की जामीन देताना आरोपीने गुगल मॅपचं लोकेशन सतत तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं अशी अट घालता येणार नाही. त्यामुळे जामिनाच्या अर्जाच्या वेळी "पासवर्ड देत नाही म्हणजे सहकार्य करत नाही" असं सरकार पक्ष म्हणाला तर हे दाखवा, आणि २०१७ चा महाराष्ट्रातलाच एक निकाल पण दाखवा ज्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं की आरोपीने कबुली दिली नाही म्हणजे असहकार्य केलं असं होत नाही.

आता तुमच्या मुलासाठी. पुढच्या वेळी थांबवलं तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, "सर" म्हणून बोलायचं, स्क्रीन पिन करून लायसन्स दाखवायचं. फोन मागितला तर "सर, काही गुन्हा आहे का? नोटीस द्या, मी वडिलांना घेऊन ठाण्यात येतो" एवढं एकदाच म्हणायचं. तरी हातातून घेतला तर झोंबाझोंबी अजिबात करायची नाही, फोन हिसकावून परत घेताना हवालदाराला धक्का लागला की न्याय संहितेचं १३२, सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम लागतं, म्हणजे जुनं ३५३, अजामीनपात्र, आणि मग मूळ विषय राहतो बाजूला. पिन मात्र स्वतःहून सांगायचा नाही. आणि एकदा नोटीस हातात पडली की फोनातलं काही डिलीट करायचं नाही, नोटीस आल्यावर डिलीट केलं तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा, २४१ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नावानिशी लिहिलाय. कशाची नोटीस आली तर फोन घेऊन जायच्या आधी स्थानिक वकिलाला दाखवा, मी इथे सगळ्यांसाठी लिहितोय, तुमच्या नोटिशीत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोणी काही सांगू शकत नाही.

झालं त्याबद्दल तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पोराचं शेवटचं वर्ष असेल आणि त्याची इच्छा नसेल तर मी आग्रह धरणार नाही. करायचीच असेल तर ठाण्यात जाऊन तोंडी भांडू नका. तारीख, अंदाजे वेळ, चौकाचं नाव, गाडीचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं असेल तर ते, बरोबरच्या मित्राचं नाव, आणि नेमकं काय उघडून पाहिलं ते, एवढं एका पानात लिहून पोलीस उपायुक्तांच्या नावे द्या, पोच घ्या. शिवाय माहिती अधिकारात त्या तारखेच्या त्या नाकाबंदीची स्टेशन डायरीतली नोंद आणि बंदोबस्तावरच्या प्रभारी अधिकाऱ्याचं नाव मागा. मागणी एवढीच ठेवा की कुठल्या तरतुदीखाली फोन तपासला ते लेखी कळवावं. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, आणि तक्रारीची एक प्रत मुंबईच्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे रजिस्टर्ड पोस्टाने.